आहेरातली शेळी

३० मार्च, पाडवा

आज दूधघराची पूजा झाली. दूधघर म्हणजे फार काही नाही. गोठ्याला लागून फरशी घातलेली एक खोली, एक बेसिन, दूध गार करायची टाकी आणि बाटल्या ठेवायला कडाप्प्याची मांडणी. पण आंबेगावात चारी बाजूंनी टॉवर उठलेले असताना उरल्यासुरल्या रानात शेळ्या पाळणारा मी एकटाच, तेव्हा नारळ तरी थाटात फोडावा म्हटलं. मांडव घातला, माइक लावला, भावकीला जेवण सांगितलं.

आबा सकाळपासून मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "पोरानं डेअरी काढलीया." शेळी हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. आमच्या दावणीला बैल होते, म्हशी होत्या. शेरडं असायची ती दुसऱ्यांच्या दारात, ज्यांना गाय परवडत नाही त्यांच्या. वडिलांना तरी काय बोलू? मी स्वतः कार्डावर 'डेअरी फार्म' असंच छापून घेतलंय.

जेवणाआधी आहेर सुरू झाले. टोप्या, टॉवेल, साड्या. मग नंदिनीचा भाऊ सुदर्शन शिरूरहून आला तो टेम्पो घेऊनच. माझ्या सासरची माणसं आजवर मला "काय दाजी, शेरडं काय म्हणत्यात?" असं विचारून एकमेकांकडे बघायची. आज त्याच सुदर्शनने टेम्पोतून एक पांढरीशुभ्र शेळी उतरवली. अंगावर जरीची झूल, कपाळाला हळदकुंकू, पुढे हलगीवाला. माइकवाल्याने पुकारलं, "रविराजरावांना त्यांचे मेहुणे सुदर्शन यांच्याकडून घरची गाभण शेळी!" सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

आता आमच्या फाटकावर मीच पाटी लावलेली आहे: बाहेरचं जनावर कळपात घेतलं जात नाही. घेतलंच तर महिनाभर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेगळं बांधायचं, रक्त तपासायचं, मगच आत. माणसांनासुद्धा मी चुन्यात पाय बुडवून आत सोडतो. आमच्या दुधाचं नाव आहे ते 'तपासलेल्या शेळ्यांचं दूध' म्हणूनच.

नंदिनी हळूच कानाशी येऊन म्हणाली, "अहो, तिला मागच्या शेडात बांधा. माझ्या भावाची असली म्हणून काय झालं?"

मी म्हणालो, "वेडी आहेस का? समोर बसलाय तो. त्याच्या घरच्या जनावराला रोगट ठरवू?"

सुदर्शनने स्वतःच्या हाताने शेळी आत नेली आणि आमच्या चंद्रीशेजारी बांधली. फोटो काढले. संध्याकाळी झूल काढली तेव्हा पाठीवर हिरव्या रंगाचा मोठा ठिपका दिसला. पोरांनी रंगपंचमीला माखलेला असणार. घरची म्हटल्यावर लाड असतातच.

२ एप्रिल

डॉ. श्रद्धा यांचा फोन. आमच्या शेळ्यांचं रक्त दर सहा महिन्यांनी त्याच घेतात. वयाने माझ्या पुतणीएवढ्या आहेत, पण बोलतात हेडमास्तरणीसारख्या. पूजेला येता आलं नाही म्हणून त्यांना चुटपुट लागली होती. मग सवयीने विचारलं, "नवीन जनावर काही घेतलं नाही ना?"

"घेतलं नाही," मी म्हणालो. आहेर काही आपण घेत नाही, तो मिळतो. खरं सांगावं असं वाटेपर्यंत फोन ठेवून झाला होता.

१९ एप्रिल

नारायण पेठेत नवं गिऱ्हाईक मिळालं, सरपोतदार काकू. दारातच उलटतपासणी. "तपासलेलं म्हणजे कोणी तपासलेलं? तुम्हीच?" मी डॉक्टरांचं नाव सांगितलं. "आणि उकळायचं की नाही?" मी म्हणालो, "काकू, उकळून अर्धा गुण जातो. रोग नसलेल्या कळपाचं दूध कच्चंच प्यावं. निर्धास्त प्या." हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता झोपेतही येईल. काकू म्हणाल्या, "निर्धास्त कशाने राहायचं ते आमचं आम्ही ठरवू. उद्यापासून अर्धा लिटर."

नंदिनीला मंडईतून नारळ आणि उदबत्ती आणायची होती, येताना तिला गाडीवर घेऊन आलो. ती वाटेत सहज म्हणाली, सुदर्शनच्या बायकोला फोन केला होता, त्यांच्याकडे शेळ्या कधीपासून आहेत विचारलं, तर ती म्हणाली "त्यांनाच विचारा." माहेरच्या माणसांवर असा संशय घेणारी बाई मी पाहिली नाही.

आबांनी नव्या शेळीचं नाव 'पाहुणी' ठेवलंय. म्हणजे आता त्यांचं मन वळतंय. सकाळी तांब्या घेऊन गोठ्यात येतात, मी धार काढत असलो की तांब्या पुढे करतात आणि तिथेच उभ्याउभ्या घटाघटा पितात. मिशीला फेस. "ग्वाड हाय," म्हणाले आज. दोन वर्षांत पहिल्यांदा.

११ मे

पाहुणी गाभडली. पोटातलं करडू मरून पडलं. दिवस भरायला अजून अवकाश होता.

ऊन भयंकर आहे. त्यात परवा चंद्रीने तिला शिंगाने ढुसणी दिली होती, ती मी डोळ्यांनी पाहिलीय. मी बाटल्या पोचवायला बाहेर होतो. आबा एकटेच घरी. त्यांनी लुंगी खोचली आणि बैल-म्हशींच्या सवयीने हात घालून करडू ओढलं, वार काढली, हातानेच सगळं गोळा करून शेवग्याखाली पुरलं. मी आलो तेव्हा बाहेरच्या नळावर हात धूत होते. म्हणाले, "लई कळ काढली बिचारीनं."

आबांनी शेळीला हात लावला म्हणून मला भरून आलं. मांडवात सांगायला लाजणारा माणूस हा.

नंदिनी म्हणाली, डॉक्टरांना कळवा. एक शेळी गाभडली म्हणून काय डॉक्टर बोलवायचे? शिवाय त्या विचारणार, ही कुठली. नंदिनीने उठून गव्हाणीवर मी बांधलेली लिंबू-मिरची काढून फेकली आणि तिथे फिनेल टाकलं.

८ जून

आबांना ताप. संध्याकाळी हुडहुडी भरते, सकाळी टुणटुणीत. क्रोसिन दिली.

दूध कमी पडतंय. गिऱ्हाइकं वाढली. सोसायटीच्या बाकावर आबांचे जे दोस्त बसतात त्यांनाही आबाच बाटली नेऊन देतात. नागोराव म्हणून एक आहेत, यवतमाळचे, मुलगा आयटीत, ते आबांना म्हणाले की तुमच्या दुधानं गुडघे हलके झाले. आबा आता बाकावर उघड सांगतात, "आमच्या शेळ्या!" मी कंपाउंडच्या आतून ऐकलं.

२९ जून

चंद्रीही गाभडली. आता मात्र मी गप्प बसलो नाही. शेजारच्या टॉवरमध्ये काल कुणाचा तरी वाढदिवस होता, डीजेने आमच्या पत्र्याचे खिळे हलले. मी तडक चेअरमनकडे गेलो. गाभण जनावराला दणक्याने काय होतं हे त्यांना सुनावलं. ते म्हणाले, "आमच्याकडे पण दोघी गर्भार आहेत, त्यांना नाही काही झालं." मी म्हणालो, "तुमच्या माणसांच्या कानाला सवय आहे." एकंदरीत भांडण चांगलं झालं.

आबांची कंबर धरलीय. दिवसभर बाकावर बसून गप्पा मारल्यावर दुसरं काय होणार? मला तर वाटतं, घरात सगळे गोठ्यात गुंतलेले, त्यांच्याकडे बघायला कुणी नाही, म्हणून जरा जास्त कण्हतात. लहान मुलाचं असतं तसं.

१७ जुलै

सगळीकडे डेंग्यू. शेळीच्या दुधाने पेशी वाढतात असा लोकांचा समज आहे. खरं-खोटं डॉक्टर जाणोत. मी कुणाला वाढतात म्हणत नाही, वाढत नाहीत असंही म्हणत नाही. फोनवर फोन. कुणाचा जावई, कुणाची नात. "तुमचंच पाहिजे, तपासलेलं." इतका मान मला शेळ्यांआधीच्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात कधी मिळाला नव्हता.

सरपोतदार काकूंनी दूध दुप्पट केलं. त्यांची लेक मुक्ता बाळंतपणाला माहेरी आलीय. "तिला दुधाचा वास आवडत नाही, पण तुमचं कच्चं गुणकारी म्हणून घेते नाक दाबून," असं काकू म्हणाल्या. म्हणजे कौतुकच ते, पेठेतलं.

आबांचे कपडे सैल झालेत. रात्री बनियन पिळून निघावं इतका घाम येतो. त्यांच्या खोलीत कूलर लावून दिला.

२ ऑगस्ट

डॉ. श्रद्धा रक्त घ्यायला आल्या. रांगेने बिल्ले बघत, नळ्या भरत पाहुणीपाशी थांबल्या. "हिच्या कानात बिल्ला नाही."

"ती... आहेरात आलीय. पाडव्याला. घरची आहे, मेहुण्यांची."

"वेगळी किती दिवस ठेवली होती?"

मी पाहुणीच्या दाव्याची गाठ नीट करू लागलो. मग म्हणाल्या, "कुणी गाभडलं का?"

"एक. उन्हाने," मी म्हणालो. मागे नंदिनी पाण्याची बादली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "दोन." बादली ठेवली आणि गेली.

डॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातमोजे बदलले आणि पुढची नळी घेतली. वयाने माझ्या पुतणीएवढी मुलगी, तिच्यासमोर मी शाळेत अंगठे धरून उभं राहावं तसा उभा होतो.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

सकाळी डॉक्टर स्वतः आल्या. फोनवर सांगायची गोष्ट नाही म्हणाल्या. ब्रुसेला. पाहुणी, चंद्री आणि त्या रांगेतल्या बऱ्याचशा. त्या दूधघराच्या पायरीवर बसून समजावत होत्या, मी ऐकत होतो. हा रोग गाभडलेल्या जनावराच्या वारेतून, रक्तातून, कच्च्या दुधातून माणसात येतो. माणसाला ताप चढतो-उतरतो, घाम फुटतो, कंबर-सांधे धरतात, महिनोन् महिने. औषध आहे, पण आधी ओळखला पाहिजे. गर्भारणीला तर फार जपावं लागतं, मूल जाऊ शकतं.

"दूध आजपासून बंद. ज्यांनी कच्चं घेतलंय त्या प्रत्येकाला कळवा. कळवाल ना?"

"हो."

"घरात कुणी आजारी?"

"नाही," मी म्हणालो. खरंच तोंडातून तेच आलं. त्या गेल्यावर त्यांचा चहाचा कप विसळत होतो आणि मला आबांचं पिळलेलं बनियन दिसलं, वाळत घातलेलं.

दुपारी सुदर्शन राखीला आला. नंदिनीने ओवाळलं, नारळीभात वाढला. तो हात धूत असताना मी विचारलं, "पाहुणी घरचीच होती ना?"

तो हसला. "दाजी, घरची म्हणजे काय, आदल्या दिवशी चाकणच्या बाजारातनं आणली. आहेर घरचाच म्हणून सांगायचा असतो. का, दूध कमी देती का?"

हिरवा ठिपका व्यापाऱ्याच्या खुणेचा होता. बाजारात विकलेल्या मालावर करतात तो. हे न कळायला मी काय मुंबईचा होतो? मी सुदर्शनच्या हातात टॉवेल दिला. त्याने माइकवर जे सांगायला लावलं ते ऐकायला मीच आसुसलेला होतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझी तर भीडही नव्हती, नुसता हुरळलो होतो.

नंदिनी पाटाजवळ बसून ऐकत होती. माहेरच्या माणसांवर संशय घेणारी बाई, असं मी वर कुठेतरी लिहून ठेवलंय. ते खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

११ ऑगस्ट

आबांना बिबवेवाडीत एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मी ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं. बाहेर बसलो तर समोरच्या बाकावर माझं एक गिऱ्हाईक. "काय हो, दूध का बंद?" मी म्हणालो, जरा अडचण आहे.

आत डॉक्टरांनी नीट तपासलं. ताप कधीपासून, घाम कसा येतो, कंबर कुठे दुखते. मग पेन थांबवून विचारलं, "घरी जनावरं आहेत का? गुरं, शेळ्या?"

आबा ताडकन म्हणाले, "न्हाई. जनावरं कवाच इकली. आता काय न्हाई आमच्याकडं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखालच्या गणपतीकडे पाहिलं.

लघवीची तपासणी लिहून दिली, चार दिवसांच्या गोळ्या दिल्या. बाहेर पडताना आबांनी माझा हात धरला होता आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटत होतं. आबांना अजूनही शेळ्यांची लाज वाटते, इतकी की डॉक्टरसमोरही नाव काढवत नाही. आता मीच सांगितलं असतं तर म्हाताऱ्या माणसाला परक्यासमोर खोटं पाडल्यासारखं झालं असतं.

१३ ऑगस्ट

गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला: 'काही तांत्रिक कारणामुळे दूधपुरवठा तूर्त बंद आहे. क्षमस्व.' पहिल्यांदा 'कळपात आजार आढळल्याने' असं लिहिलं होतं. मग 'खबरदारी म्हणून'. मग हे.

लगेच उत्तर आलं, "शेळ्यांना तांत्रिक कारण? चार्जिंग संपलं का?" त्याखाली हसरे चेहरे. एकाने लिहिलं, "असा प्रामाणिक माणूस विश्रांती घेतोय, घेऊ द्या." हे दुसरं मला वाचवेना.

सरपोतदार काकूंनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्या ग्रुपवर लिहीतच नाहीत. मी त्यांना वेगळा फोन करायला हवा होता. नंबर काढला, नावाकडे बघत बसलो, परत खिशात ठेवला. दूध तर बंद केलंय, असं मनाला सांगितलं. त्या मुलीने आधीच तीन-चार आठवडे प्यायलंय, हेही मनाला माहीत होतं.

१७ ऑगस्ट

आबा आज पलंगावरून उठले आणि परत बसले. पायच उचलेनात. मी त्यांना धरलं तर अंग चटके बसावेत इतकं तापलेलं.

मी म्हणालो, "आबा, चला, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ."

"त्योच डॉक्टर बरा हाय. गोळ्या दिल्यात की त्यानं."

"त्याला आपण खरं सांगितलं नाही."

"म्या सांगितलं न्हाई," आबा म्हणाले. "तू कुठं काय बोललास?" थोडा वेळ धापा टाकल्या. "त्या पोरीचं बोलणं ऐकलं हुतं म्या, शेळ्यांच्या डॉक्टरनीचं. पायरीवर बोलत हुती, मी खिडकीत हुतो. पोराचं नाव झालंय, म्हटलं माझ्यापायी कशाला जायला पायजे. म्हातारा माणूस, ताप असतुयाच."

मला वाटत होतं त्यांना शेळ्यांची लाज वाटते. त्यांनी मला झाकलं होतं आणि मी त्यांच्याआड उभा राहिलो होतो, सहा फुटांचा बाप्या. किती दिवस ते ताप घेऊन पडून राहिले आणि मी मेसेजचे शब्द बदलत बसलो. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. मला दोन्हींपैकी फक्त जनाची होती.

तसंच रिक्षात घालून बिबवेवाडीला नेलं. डॉक्टरांसमोर मी उभा राहूनच सांगितलं: शेळ्या आहेत, गाभडल्या, यांनी हातांनी काढलं, कच्चं दूध रोज पीत होते, आणि त्या दिवशी मी गप्प बसलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. फक्त म्हणाले, "त्याच दिवशी बोलला असता तर बरं झालं असतं." आबांना दाखल केलं. रक्त पाठवलं. गोळ्या सहा आठवडे चालतील, बरे होतील म्हणाले, पण वेळ लागेल.

मी निघताना आबांनी विचारलं, "मला खोटं पाडलंस व्हय?"

"हो."

"मग आता बाकीच्यांस्नी पण सांग. नागोरावांना आधी. मी दिलंया त्यांना माझ्या हातानं."

१९ ऑगस्ट

काल आणि आज दारोदार फिरलो. फोन नको, मेसेज नको, दारात उभं राहून सांगायचं, हे मीच ठरवलं. नागोराव म्हणाले, "सांगितलं हे बरं केलं," आणि मुलाला हाक मारून रक्त तपासायला वेळ घ्यायला सांगितली. त्यांना काही त्रास नाही. एका घरी दार तोंडावर आपटलं. एका घरी पोलिसांत जाऊ म्हणाले, मी म्हणालो, जा. एका बाईंनी पाणी दिलं आणि ते पिणं सगळ्यांत अवघड गेलं.

बाधित शेळ्या डॉ. श्रद्धांनी माणसं बोलावून नेल्या. विकता येणार नाहीत, दुसऱ्याच्या कळपात देता येणार नाहीत, त्यांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. चंद्री टेम्पोत चढताना मागे वळून बघत होती, नेहमीप्रमाणे, पाला मिळेल म्हणून. राहिलेल्या शेळ्यांची पुन्हा पुन्हा तपासणी होईल. तोवर गोठा अर्धा रिकामा.

सुदर्शनचा फोन आला होता, माइकवरची गोष्ट कुणाला सांगू नका म्हणून. मी म्हणालो, तुझं नाव कुठेच घेतलेलं नाही. शेळी कुठूनही येवो, तिला आत मी घेतलं.

नारायण पेठ राहिली आहे. शेवटी का ठेवली? पहिल्यांदा तिथेच जायला हवं होतं. गर्भार मुलगी तिथे आहे. सगळ्यांत जास्त भीती जिथे होती ते घर मी सगळ्यांत शेवटी ठेवलं.

२० ऑगस्ट

काकूंनी दार उघडलं. म्हणाल्या, "या. दुधाचं काय ठरलं तुमचं? हिला सातवा लागलाय, आता दूध लागणार." मागे मुक्ता सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर लोकर.

मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. एका दमात, काही न गाळता. महिनाभर वेगळं ठेवायचा नियम मी मोडला, दोन गाभडल्या ते लपवलं, रोग कळून आठवडा उलटून गेला तरी आलो नाही. 'उकळू नका' मीच सांगितलं होतं, हेही सांगितलं.

काकूंनी खुंटीवरची पिशवी घेतली. वळून मुलीला म्हणाल्या, "चपला घाल." मग मला म्हणाल्या, "तुम्ही चला आमच्याबरोबर. त्या शेळ्यांचं आजारपण मला डॉक्टरांना सांगता यायचं नाही."

दवाखान्यात मी मुक्ताच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी डॉ. श्रद्धांना माझ्याच फोनवरून फोन लावला, बराच वेळ बोलल्या. मुक्ताचं रक्त घेतलं. बाळाचे ठोके ऐकले, ठोके चांगले आहेत म्हणाल्या. ताप आला, अंग दुखलं तर लगेच यायचं. रिपोर्ट यायला वेळ आहे. सोनोग्राफी करून घेऊ म्हणाल्या, म्हणून आम्ही तिघं बाहेर बाकड्यावर बसलो. काकू मध्ये, मी टोकाला.

मुक्ता बराच वेळ कापसाचा बोळा दंडावर दाबून बसली होती. मग आईच्या पलीकडून वाकून मला म्हणाली, "काका, तुमचं ठीक आहे ना? म्हणजे मी तीन-चार आठवडेच घेतलं. तुम्ही तर दोन वर्षं रोज पीत असाल. तुम्हीपण तपासून घ्या हं."

तिच्या आवाजात काही नव्हतं, नुसती काळजी होती.

मी म्हणालो, "मी पीत नाही."

"आता नाही हो. आधी?"

"आधीही नाही. शेरडांचं म्हणून मी कधी ओठाला लावलेलं नाही."

मुक्ताने बोळा उलटून पाहिला आणि परत दाबला. काकू समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आता तुम्ही गेलात तरी चालेल."

तेवढ्यात नाव पुकारलं. त्या दोघी आत गेल्या. डॉक्टरांना आणखी काही विचारायचं असलं तर, म्हणून मी तिथेच बसून राहिलो.